मामाला हवेतली गिरकी दिसेना

रविवारी मिसळ खात बसलो होतो, तेवढ्यात टेक्सासहून भाचीचा व्हिडिओ कॉल. तिकडे शनिवारची रात्र. "मामा, यंदा मी लेव्हल सिक्सला!"

चिअरलीडिंग म्हणजे आयपीएलमधलं नाचणं, एवढीच माझी अक्कल. तिनं समजावलं. लेव्हल वनला कोलांट्या आणि कार्टव्हील. धावत येऊन हवेत उलटी उडी तिसऱ्या लेव्हलपासून, त्याच उडीत एक पूर्ण गिरकी पाचवीत आणि सहावीत दोन. शिवाय ही फ्लायर, म्हणजे पोरींनी वर फेकायची. खाली बेस झेलणार, मागची बॅकस्पॉट मान आणि खांदे सांभाळणार. मार फक्त वरचीलाच बसतो असंही नाही, झेलणारीच्या नाकावर कोपर बसतंच की!

आमच्या तालमीत वस्तादांनी आधी कैक महिने माती उकरायला आणि जोर मारायलाच लावलं होतं. तेल, हळद, ताक घातलेली ती लाल माती मऊ, तरी एकोणिसाव्या वर्षी त्यांचं न ऐकता कुस्तीतला कलाजंग डाव मारायला गेलो आणि खांदा निखळला. अजून पावसाळ्यात ठणकतो. त्यामुळं तिच्या स्प्रिंग फ्लोअरचं, म्हणजे खाली स्प्रिंगा बसवलेल्या उसळत्या फरशीचं, कौतुक मला फारसं वाटलं नाही. पडणं जमिनीवर अवलंबून असतं त्याहून जास्त घाईवर.

"झेलणाऱ्या पोरी किती दिवस तुझ्याबरोबर आहेत गं?"

"तीन आठवडे."

"आणि त्यांनी फेकल्यावर हवेत दोन गिरक्या कधी?"

"उद्या, मामा."

"उद्या एकच मार. कोचला सांग, मामानं सांगितलंय."

ती हसत सुटली. माझा कट गार झाला होता.