चाक कुठाय?

परवा बेंदराची बैलजोडी आणायला आमच्या तासगावातल्या कुंभारमावशीकडं गेलेले. मावशी अंगणात बसून बैलाला शिंगं लावत होती आणि मी आपली सवयीनं मोबाईल काढला, म्हटलं बघा, अमेरिकेत न्यू मेक्सिकोत प्वेब्लो म्हणून आदिवासी लोक आहेत, त्यांच्या बायका मडकी कशी करतात. मावशीनं पदराला हात पुसले, फोन लांब धरून बघितलं आणि पहिलाच प्रश्न, "आन चाक कुठाय?"

चाक नाहीच! मातीच्या वळ्या करायच्या, एकीवर एक वेटोळं रचायचं आणि हातानंच लिंपत भांडं उभं करायचं. मावशीनं जन्मभर माती मळली, मडकी थापटली, भाजली, पण चाकावर आधी नवरा आणि आता पोरगा, बाईनं चाकाला हात लावायचा नाही म्हणून. तिकडं मडकं मुळात बाईचं, नवरा फारतर नक्षी काढणार.

सॅन इल्डेफोन्सो या प्वेब्लो गावातल्या मारिया मार्टिनेझचं तसंच. ती भांडं घडवून दगडानं घोटून घोटून आरशासारखं करायची, ज्युलियन, म्हणजे तिचा नवरा, त्यावर पातळ मातीनं चित्र काढायचा आणि भाजल्यावर तेवढाच भाग बिनचकाकीचा राहायचा. काळ्यावर काळं, १९१९ च्या आसपास जमलं त्यांना हे. १९४३ ला ज्युलियन गेला, मग सून सांताना नक्षी काढायला लागली, पुढं मुलगा पोपोवी दा. आणि घोटायचे ते दगड आईकडून लेकीकडं जातात, आपल्याकडं पाटल्या जातात तसे.

"माती तर लाल हाय की, मग काळं कशानं झालं?" मावशीचं लक्ष बरोबर तिथंच. म्हटलं जाळ चांगला पेटला की वरून घोड्याच्या लिदीचा भुगा ओततात, हवा कोंडते, धूर धरतो.

"आत्ता! आमी लीद मातीत मळतो, ह्या वरनं घालत्यात व्हय." आणि परत तोच व्हिडिओ लावायला सांगितला.

मारिया पुढं भांड्याच्या बुडाला सही करायला लागली आणि गावातल्या बाकीच्या बायकांचा माल खपावा म्हणून त्यांच्या भांड्यांवर पण करायची म्हणे, मला तर बाई जाम आवडली. बैल तरी मावशीच्या हातचेच की, चाकबिक काय नाही, म्हणून जोडी उलटी करून पुढं केली, म्हटलं करा सही.

"खुळी का काय! उद्या हिरीत सोडायचं त्यास्नी."