जहाजी साहेब आणि त्याला मुलगा मानणारे आप्पा खंडेराव

1802 साली कॅप्टन विल्यम फ्रँकलिन नावाचा कंपनी सरकारचा एक अधिकारी एका आयरिश माणसाची हकिकत लिहून घ्यायला बसला. त्या माणसाने सुरुवातीलाच विचारले, की सारे फारशीत सांगितले तर चालेल का. कारण देशी दरबारांत आणि छावण्यांत इतकी वर्षे गेली होती, की मातृभाषेपेक्षा फारशीच त्याच्या जिभेवर अधिक सहज येत असे. त्याचे नाव जॉर्ज थॉमस. काही महिन्यांपूर्वीपर्यंत तो आजच्या हरयाणातल्या हांसीचा स्वतंत्र राजा होता. तेथील लोक त्याला ‘जहाजी साहेब’ म्हणत. जॉर्ज या नावाचा उच्चार जीभ वळवून ‘जहाज’ असा झाला आणि तो मुळात खलाशी असल्यामुळे ते नाव त्याला शोभूनही गेले.

महादजी शिंद्यांच्या उत्तरेतील कारभाराविषयी वाचताना हे नाव मला प्रथम भेटले, आणि पाठोपाठ आप्पा खंडेराव हे मराठी नाव आले. पानिपतावर आपण मनापासून बोलतो, महादजींवरही बोलतो. पण त्यांच्या मागे उत्तरेत राहिलेल्या मराठी सरदारांचे काय झाले, याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. ही कथा मला त्या आप्पांसाठीही सांगावीशी वाटते.

थॉमस आयर्लंडमधल्या टिपरेरी परगण्याचा. 1780च्या दशकाच्या आरंभी तो मद्रासला उतरला, जहाज सोडून पळाला, काही काळ दक्षिणेतल्या पाळेगारांकडे राहिला, मग निजामाच्या चाकरीत गेला आणि 1787च्या सुमारास दिल्लीला पोहोचून मेरठजवळच्या सरधन्याची जहागीर सांभाळणाऱ्या बेगम समरूच्या फौजेत दाखल झाला. 1788 साली गोकुळगडच्या वेढ्यात बादशहा शाह आलम अडचणीत सापडला, तेव्हा बेगमेच्या ज्या पलटणींनी त्याला सोडवले, त्यांत थॉमस पुढे होता. पुढे दरबारात फ्रेंच अधिकाऱ्यांचे वजन वाढले, बेगमेची मर्जी फिरली आणि त्याला सरधना सोडावे लागले.

1793 साली तो आप्पा खंडेरावांच्या चाकरीत आला. आप्पा हे महादजींचे सरदार, मेवातच्या बाजूचा मुलूख सांभाळणारे, पण त्या वेळी धन्याच्या नाराजीत आणि पैशाच्या ओढाताणीत सापडलेले. त्यांनी थॉमसला एक हजार पायदळ आणि शंभर स्वार उभे करायला सांगितले आणि खर्चासाठी तिजारा, टपूकडा व फिरोजपूर हे परगणे लावून दिले. परगणे लावून दिले याचा खरा अर्थ असा, की वसूल तुझा तू कर, आणि तेथील लोक देत नसतील तर लढून घे. त्या काळातील उत्तरेचा सगळा कारभार या एका वाक्यात येतो. रोख पैसा कोणाकडेच नसे. पगार थकला की शिपाई स्वतःच्याच सरदाराला वेढून बसत.

कोटपुतळीजवळ आप्पांवर नेमकी हीच वेळ आली. त्यांच्याच बिथरलेल्या फौजेने त्यांना कोंडले. थॉमस आपली माणसे घेऊन तेथे पोहोचला आणि त्याने आप्पांना सोडवून कानौडच्या, म्हणजे आजच्या महेंद्रगडच्या किल्ल्यात सुखरूप नेऊन पोहोचवले. तेव्हा आप्पांनी सर्वांसमक्ष त्याला आपला मुलगा मानले, हत्ती आणि पालखी घेण्यासाठी तीन हजार रुपये दिले आणि पुढे झज्जरसारखे परगणेही त्याच्याकडे सोपवले. झज्जरजवळ थॉमसने जॉर्जगड बांधला, आणि लोकांनी त्याचेही नाव जहाजगड करून टाकले.

हे नाते सरळ मात्र राहिले नाही. आप्पांना थॉमसच्या वाढत्या बळाची धास्ती वाटू लागली. त्यांच्याच चिथावणीने गोसाव्यांची एक टोळी आपल्यावर चालून आली, असे थॉमस स्वतः सांगतो. तरीही त्याने आप्पांचा पक्ष सोडला नाही. 1797 साली आजाराने खंगलेल्या आप्पांनी यमुनेत देह टाकला. घराण्याचा कारभार पुतण्या वामनराव याच्याकडे गेला. त्याचे आणि थॉमसचे आधी भांडण झाले, मग दोघे एकत्र मोहिमांवरही गेले.

1798 साली थॉमसने हांसी घेतली. 1783च्या चालिसा दुष्काळाने तो मुलूख ओस पाडला होता; थॉमस तेथे गेला तेव्हा पडक्या शहरात एक फकीर आणि दोन सिंह एवढीच वस्ती होती, असे सांगतात. त्याने तट दुरुस्त केला, पाच-सहा हजार माणसे आणून वसवली, टाकसाळ उघडून स्वतःच्या नावाचा रुपया पाडला, तोफा ओतल्या, बंदुका आणि दारू तयार करवली. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती याहून वेगळी गोष्ट: लढाईत पडलेल्या शिपायांच्या विधवा आणि मुलांसाठी तो वर्षाला 50,000 रुपये बाजूला काढत असे. शिपायाचा चालू पगारही जेथे महिनोन्महिने थकत असे, त्या काळात आणि त्या प्रांतात ही तरतूद एका पळून आलेल्या खलाशाने केली होती. अर्थात हा पैसा जयपूर, बिकानेर आणि शीख सरदारांच्या मुलखावर स्वाऱ्या करूनच येत असे आणि त्या स्वाऱ्यांत गावे लुटली जात, हेही तितकेच खरे आहे. त्याला निर्मळ नायक ठरवण्याचा माझा हेतू नाही.

1799 साली शिंद्यांचे उत्तरेतले सरदार लखबादादा यांच्या वतीने जयपूरची खंडणी वसूल करायला थॉमस आणि वामनराव शेखावाटीतल्या फतेहपूरला गेले. शत्रूने वाटेतल्या विहिरी बुजवून टाकल्या होत्या आणि दिवसभर वाळूत चाललेल्या फौजेला उरलेल्या विहिरीसाठी आधी लढावे लागले. पुढे तळाभोवती मोर्चे उभारायचे, तर मऊ वाळूत खंदक टिकेना. तेव्हा थॉमसने त्या माळावरची काटेरी झाडे तोडवली, त्यांच्या फांद्या एकमेकींत गुंतवून तळासमोर कुंपण घातले आणि तेवढ्या आडोशावर जयपूरच्या कितीतरी मोठ्या फौजेला तोंड दिले.

त्याचा शेवट दौलतराव शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने घडवला. शिंद्यांची चाकरी पत्कर, पलटणींसाठी महिना 60,000 रुपये घे आणि झज्जर सोड, अशी बोलणी 1801 साली झाली. फ्रेंच माणसाच्या हाताखाली राहणे थॉमसला मान्य नव्हते. 29 सप्टेंबरला जॉर्जगडजवळ बुर्कें या पेराँच्या अधिकाऱ्याने हल्ला केला आणि त्यात बुर्केंचीच फौज अक्षरशः कापली गेली. थॉमस त्याच वेळी तुटून पडला असता, तर कदाचित निराळा इतिहास घडला असता. पण त्याचा विश्वासू सहकारी हॉपकिन्स पाय तुटून मेला आणि थॉमस कित्येक दिवस दारूत बुडून राहिला. तेवढ्यात शत्रूला कुमक आली. नोव्हेंबरात तो रातोरात घोड्यावरून हांसीला निसटला, आणि तेथेही वेढा पडल्यावर डिसेंबरात त्याने हत्यार ठेवले.

शरणागतीनंतर बुर्कें याने त्याला जेवायला बोलावले. हा प्रसंग समोरच्या फौजेत असलेल्या जेम्स स्किनरने सांगितलेला आहे. दारू चढल्यावर बुर्कें याने पेराँच्या विजयाच्या नावाने प्याला उचलायला लावला, आणि थॉमसला रडू कोसळले. मग त्याने तलवार उपसून, मी माझ्या नशिबाने हरलो, तुमच्या पराक्रमाने नव्हे, असे सुनावले. बुर्कें तंबूतून पळाला. रात्री थॉमस हांसीच्या वेशीवर आला तेव्हा पहारेकऱ्याने हटकले. ‘साहेब बहादूर’, असे उत्तर मिळाले. हांसीत हा किताब आजवर फक्त थॉमसचा होता. पण पहारेकरी नव्या धन्याचा होता आणि त्याचा साहेब बहादूर वेगळा होता. त्याने वाट सोडली नाही. थॉमसने त्याचा हात तोडला. सकाळी शुद्धीवर आल्यावर त्याला या कृत्याची लाज वाटली आणि त्याने त्या शिपायाला 500 रुपये पाठवले.

तेथून तो इंग्रजांच्या मुलखात आला. बायको आणि मुलांना त्याने सरधन्याला बेगम समरूकडे ठेवले. ज्या बेगमेने त्याला दूर केले होते, तिच्या पलटणींनी 1795 साली बंड करून तिला कैद केले, तेव्हा तिने त्यालाच हाक घातली होती आणि त्यानेच तिला गादीवर परत बसवले होते. ते उपकार ती विसरली नव्हती. गंगेच्या वाटेने कलकत्त्याकडे जात असताना 22 ऑगस्ट 1802 रोजी बंगालमधल्या बहरामपूर येथे थॉमस वारला. त्याचा मुलगा जॉन सरधन्यालाच राहिला, आणि बेगमेने त्याला आपला मुलगा मानून वाढवले.