धड सम ना धड विषम

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावी सायन्स एकदम इंग्रजीतून. ज्यांनी ही उडी मारली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पहिले दोन महिने मी प्रत्येक शब्दाचं मनातल्या मनात मराठी करत होते. इव्हन म्हणजे सम, ऑड म्हणजे विषम. हे शब्द तर अगदी लहानपणापासूनचे. त्यामुळे इव्हन आणि ऑड फंक्शन्स फळ्यावर आली तेव्हा मी निर्धास्त होते, आणि नेमकी तिथेच अडकले. (फंक्शन म्हणजे आकडा घातला की एक ठरावीक उत्तर देणारा नियम.)

चाचणीत चार फंक्शन्स दिली होती, प्रत्येकाचा प्रकार ओळखायचा होता. त्यातलं तिसरं होतं क्षचा वर्ग अधिक क्ष. (एक्सला इथे क्षच म्हणते, 'ती संख्या क्ष मानू' करत आपण सगळे वाढलो.) क्षच्या जागी उणे क्ष घातल्यावर ते बदलतं हे मला दिसत होतं. बदलतं म्हणजे सम नाही, सम नाही म्हणजे विषम. मी तसं लिहिलं आणि त्यावर लाल फुली आली. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. वर्ग मोठा होता, सर पुढच्या धड्यावर गेले होते, आणि इंग्रजीत शंका विचारायची माझी हिंमत नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत चुलतभावाला वही दाखवली. दादा तेव्हा बीएस्सीला होता. त्याने उत्तर सांगितलं नाही, उलट विचारलं, "विषम म्हणजे काय गं?" मी म्हटलं, "सम नसतं ते." तो म्हणाला, "बघ, इथेच घोळ आहे."

घोळ खरंच त्या शब्दात होता. पूर्ण संख्येला दोनने भाग जातो किंवा जात नाही, तिसरी शक्यताच नाही. त्यामुळे सम नसेल ते विषम, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. फंक्शनचं तसं नाही. विषम फंक्शनला स्वतःची अट आहे आणि ती समच्या अटीइतकीच कडक आहे. उणे क्ष घातल्यावर उत्तर जसंच्या तसं आलं तर सम. उत्तर आकड्याने तेच पण चिन्हाने उलट आलं तर विषम. आणि हे एखाद्या क्षसाठी नाही, प्रत्येक क्षसाठी व्हायला हवं. बहुतेक फंक्शन्स या दोन्ही अटींत नापास होतात. ती धड सम नाहीत ना धड विषम, आणि 'दोन्ही नाही' हे पूर्ण मार्कांचं उत्तर आहे.

मग दादाने मला आलेख कागद आणि टाचणी आणायला सांगितली. क्षच्या घनाचा आलेख दोन कागदांवर अगदी सारखा काढायला लावला. एका कागदाला कापसाच्या बोळ्याने शेंगदाण्याचं तेल चोपडलं. थोड्या वेळाने तो आरपार दिसायला लागला. तो दुसऱ्यावर ठेवून बरोबर आरंभबिंदूत टाचणी खुपसली आणि मला म्हणाला, "आता वरचा कागद अर्धा फेरा फिरव." मी फिरवला. उजवीकडे वर जाणारी रेघ खाली डावीकडे गेली, डावीकडची वर आली, आणि तेलकट कागदावरची रेघ खालच्या रेघेवर तंतोतंत बसली. पत्त्यातला राजा उलटा धरला तरी सुलटाच दिसतो, तसं. विषम म्हणजे हे.

क्षच्या वर्गाला तोच प्रयोग केला तर वाटी पालथी पडली, जुळलं नाही. पण वाय-अक्षावर घडी घालून कागद खिडकीच्या उजेडात धरला तर दोन्ही बाजू एकमेकींवर बसल्या. ते झालं सम.

मग मी माझं ते तिसरं फंक्शन काढलं. त्याचीही वाटीच होते, आणि सुंदर सममित वाटी होते. पण तिचा तळ शून्यावर नसून उणे अर्ध्यावर आहे. तिथे घडी घातली तर जुळतं, वाय-अक्षावर घातली तर नाही. टाचणीवर फिरवलं तरीही नाही. नुसती सममिती असून भागत नाही, ती वाय-अक्षाभोवती किंवा आरंभबिंदूभोवतीच असावी लागते. त्या दुपारी हे जे डोळ्यांनी पाहिलं ते आजवर विसरले नाही.

परीक्षेत अर्थातच तेल आणि टाचणी चालत नाही. तिथे मी एक सवय लावून घेतली. गणित दिसलं की आधी प्रत्येक क्ष खोडून तिथे कंसात उणे क्ष लिहायचं. कंस महत्त्वाचा, कारण उणे क्षचा वर्ग आणि क्षच्या वर्गाचं उणे यांत माझे कितीतरी मार्क गेले आहेत. कंस सोडवायचे आणि आलेलं उत्तर मूळ फंक्शनशेजारी ठेवायचं. जुळलं नाही तर सगळ्याचा उणे बाहेर काढून पुन्हा बघायचं. तरीही जुळलं नाही तर 'दोन्ही नाही' लिहून मोकळं व्हायचं.

याआधी मी एक शॉर्टकट वापरायचे, त्यात फसलेही. एक आणि उणे एक घालून बघायचं. क्षचा वर्ग अधिक क्ष मध्ये दोन आणि शून्य येतात, म्हणजे दोन्ही नाही, निकाल लागला. पण क्षचा घन वजा क्ष मध्ये दोन्हीकडे शून्य आलं आणि मी सम लिहिलं. दोन घातला असता तर सहा आणि उणे सहा आले असते. ते विषम आहे. आकडा घालून एखादा प्रकार बाद करता येतो, सम किंवा विषम असल्याचं सिद्ध मात्र करता येत नाही. मी अजूनही आधी आकडा घालते, पण फक्त बाद करण्यासाठी, आणि एकाऐवजी दोन घालते.

बहुपदी, म्हणजे क्षच्या वर्ग-घनासारख्या पदांची नुसती बेरीज-वजाबाकी, असेल तर क्षच्या घातांकांकडे बघितलं तरी पुरतं. सगळे सम असतील तर फंक्शन सम, सगळे विषम असतील तर विषम. ही नावं आली आहेत तीच मुळी घातांकांवरून. गणितज्ञ लिओनहार्ड ऑयलरच्या १७४८ साली छापलेल्या ग्रंथात ती या अर्थाने आहेत. फक्त सुट्टा आकडा विसरायचा नाही. क्षचा घन अधिक पाच विषम नाही, कारण पाच म्हणजे क्षच्या शून्य घाताचं पद, आणि शून्य सम आहे.

बारावीत या सगळ्याचं मोल कळलं. उणे एक ते एक या मर्यादांत लॉगचं (लॉगॅरिदमचं) इंटिग्रेशन, म्हणजे त्याच्या आलेखाने अडवलेलं क्षेत्र काढायचं; लॉगच्या आत एक अपूर्णांक, अंशात दोन वजा क्ष, छेदात दोन अधिक क्ष. वर्गात बहुतेकांनी 'इंटिग्रेशन बाय पार्ट्स'ची लांबलचक रीत लावायला घेतली. मी कंसात उणे क्ष घातलं, अपूर्णांक उलटा झाला, उलट्या अपूर्णांकाचा लॉग म्हणजे मूळ लॉगचं उणे. विषम. डावीकडचं क्षेत्र उजवीकडच्याला खोडतं, उत्तर शून्य. दोन ओळींत संपलं. पुढे इंजिनिअरिंगला फुरिये सिरीजमध्ये, म्हणजे फंक्शन साइन-कोसाइनच्या बेरजेत मांडताना, तर फंक्शन सम निघालं की साइनची सगळी पदं जातात, विषम निघालं की कोसाइनची आणि स्थिर पदही. अर्धा पेपर तिथेच हलका होतो.

माझं सर्वांत आवडतं मात्र वेगळंच आहे. क्ष, त्यात मिळवलेलं 'क्षवर्ग अधिक एक'चं वर्गमूळ, आणि या सगळ्याचा लॉग. बघून कोणीही दोन्ही नाही म्हणेल. पण उणे क्ष घातल्यावर लॉगच्या आत जे येतं त्याचा मूळ पदाशी गुणाकार करून बघा, बरोबर एक येतो. म्हणजे आतलं पद उलटं झालं, म्हणजे लॉगचं चिन्ह बदललं, म्हणजे चक्क विषम. मी हे पहिल्यांदा सोडवलं तेव्हा आनंदाने उठून आईला स्वयंपाकघरात सांगायला गेले होते.

आता माझी भाची अकरावीत आहे. गेल्या रविवारी तिला हेच सगळं समजावत होते, वही पुढ्यात होती. क्षचं वर्गमूळ हे फंक्शन आल्यावर तिने पेन खाली ठेवलं. "मावशी, उणे चार घालायला सांगतेस, पण उणे चारचं वर्गमूळ मी आणू कुठून?" आणताच येत नाही. शून्याच्या डावीकडे हे फंक्शन नाहीच, मग तुलना कशाशी करणार? मी तिला हेच कारण एका ओळीत लिहायला सांगितलं, आणि खाली 'दोन्ही नाही'.