लॅम्डा शून्य आला म्हणून

परवा दुपारी एम.ए.ची एक विद्यार्थिनी डिझर्टेशनचे कागद घेऊन घरी आली. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत तिने महिनाभर घरोघर फिरून माहिती गोळा केली आहे. विडी कामगार बायकांची ही दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. तिचा प्रश्न असा: आईजवळ विड्या वळायला बसणाऱ्या मुलीची शाळा अर्ध्यावरच सुटते का? संगणकाने लॅम्डा, म्हणजे दोन गोष्टींमधला संबंध मोजणारं एक माप, शून्य दाखवला आणि तिने लिहिलं, 'दोन्हींमध्ये कोणताही संबंध आढळत नाही.'

"मॅडम, शून्य म्हणजे शून्यच ना?"

मी ते वाक्य तिला खोडायला लावलं. गुडमन आणि क्रुस्कल या संख्याशास्त्रज्ञांच्या १९५४ च्या लेखामुळे लॅम्डा सगळीकडे पोचला. तो विचारतो एवढंच: पहिली गोष्ट कळल्यावर दुसरीबद्दलच्या अंदाजातल्या किती चुका वाचतात?

कागदाच्या पाठीमागे चौकट आखली. त्यातले आकडे तिचे नव्हते, समजावण्यापुरते मीच घेतलेले. शंभर मुली. पन्नास वळायला बसतात; त्यांतल्या २४ जणींची शाळा सुटली, २६ शिकताहेत. पन्नास बसत नाहीत. त्यांतल्या ६ जणींची सुटली, ४४ शिकताहेत. काहीच माहीत नसेल तर मी प्रत्येकीला 'शिकते' म्हणेन आणि ३० वेळा चुकेन. आता बसते की नाही ते कळलं. तरी दोन्हीकडे शिकणाऱ्याच जास्त, त्यामुळे अंदाज तोच, आणि चुका २४ अधिक ६, म्हणजे पुन्हा ३०. एकही वाचली नाही. लॅम्डा शून्य.

पण शाळा सुटण्याचं प्रमाण पाहा. एकीकडे ४८ टक्के, दुसरीकडे १२. चौपट! असा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो का, हे तपासणारा काय-स्क्वेअर १५.४ येतो; नेहमीच्या पाच टक्क्यांच्या पातळीला तो ३.८४ च्या पुढे गेला तरी पुरे असतं. संबंध किती घट्ट ते सांगणारा फाय ०.३९. त्याच कामाचं दुसरं माप, संख्याशास्त्रज्ञ यूलचा क्यू, तर ०.७४. (केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाच्या नावातलं अक्षर यूलने त्याला दिलं.) ०.७४ ऐकताच ती म्हणाली, "मग हाच टाकते." तेही मी करू दिलं नाही. चौकटीतल्या चार घरांपैकी एक रिकामं राहिलं तरी क्यू थेट एकवर किंवा उणे एकवर जातो. आकडा मोठा दिसतो म्हणून माप निवडायचं नसतं. आपण काय विचारलं होतं त्यावरून निवडायचं, तेही उत्तर बघायच्या आधी. तिला अंदाज बांधायचा नव्हताच. दोन गटांत फरक आहे का, हे बघायचं होतं. टक्केवारीतला फरक आणि फाय तिच्या कामाचे.

मग प्रश्नावली मागितली. 'तुमची मुलगी विड्या वळते का?' हा प्रश्न आईला, दारात उभं राहून विचारलेला. इथे मात्र मी बराच वेळ थांबले. पुस्तकात असतं, की उत्तरातली चूक सगळ्या घरांत सारखीच होत असेल तर संबंध आहे त्यापेक्षा फिका दिसतो. पण चूकच मुलीच्या शाळेवर अवलंबून असेल तर? मग संबंध फुगूही शकतो, आणि कोणतंही सूत्र ते ओळखून देत नाही. मी तिला सांगितलं, परत जा आणि मुलींशी एकटीने बोल. 'वळतेस का' असं विचारू नकोस. काल शाळेतून आल्यावर झोपेपर्यंत काय काय केलंस, हे विचार.

हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. सोलापुरात साखर पेठेत आमची एक खोली होती. रात्री भिजवलेली पानं अम्मा सकाळी पत्रा ठेवून कात्रीने कापायची, आणि संध्याकाळी आम्ही तिघी वळायला बसायचो. मी आठवीत होते. अक्काची शाळा सातवीनंतर सुटली होती. एक दिवस पाहणीवाल्या बाई फॉर्म घेऊन आल्या. अम्माने अक्काकडे हात करून सांगितलं, "ही वळते, शाळा सुटली हिची." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ही नाही वळत. ही अभ्यास करते." माझ्या बोटाला दोरा गुंडाळलेला होता. मी हात परकराखाली घेतला. बाईंनी लिहून घेतलं.

अक्का त्या चौकटीच्या एका घरात गेली, मी समोरच्या. आम्ही दोघी एकाच सुपावर बसायचो.