टर्मिनलवर चालतं, आयडीईत नाही

ओपनसीव्हीचा (चित्रं-व्हिडिओवर काम करणारी लायब्ररी) साधा जावा प्रोग्राम, टर्मिनलवर मस्त चालतोय आणि आयडीईतून (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधून) रन केला की अनसॅटिस्फाइड लिंक एरर, म्हणजे जावाला लागणारी सिस्टिमची लायब्ररी फाइल सापडत नाही, जार (लायब्ररीच्या जावा कोडची फाइल) तर बरोबर लावलेली मग अडतंय कुठे तेच कळेना, सकाळ सगळी त्यातच गेली. जेवताना लक्षात आलं, एलडी लायब्ररी पाथ, म्हणजे लिनक्सने लायब्ररी फाइली कुठे शोधायच्या तो पत्ता, मी बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) टाकलाय आणि आयडीई उघडतो डेस्कटॉपच्या आयकॉनवरून, म्हणजे तिला तो मिळतच नाही! मग आयडीईच्या रन कॉन्फिगरेशनमध्ये (प्रोग्राम चालवायच्या सेटिंगमध्ये) जावा लायब्ररी पाथ, म्हणजे जावाने शोधायची जागा, दिला तर मेन एसओ फाइल (लिनक्सची लायब्ररी फाइल) सापडली, पण तिला लागणाऱ्या बाकीच्या नाही, कारण त्या जावा शोधत नाही, लिनक्सचा लोडर शोधतो. शेवटी तिथेच एन्व्हायर्नमेंटमध्ये एलडी लायब्ररी पाथ टाकला आणि ५ वाजता कॅमेऱ्याचं चित्र स्क्रीनवर आलं. खूप बरं वाटलं. उद्या टीममधल्या नवीन पोरांना हे नीट बसून दाखवणार आहे.