टिन व्हिसलची नोंदवही: लय किती, रंग किती

टिन व्हिसल म्हणजे सहा भोकांची छोटी धातूची आयरिश बासरी. गेल्या नोंदीत तिच्यावरच्या रोलबद्दल, म्हणजे लांब स्वराला बोटांच्या झटक्यांनी दिलेल्या नक्षीबद्दल, लिहिलं होतं. ही नोंद सगळी लयीवर आहे, कारण हिवाळाभर मी दुसरं जवळपास काही केलंच नाही.

आधी सध्याची स्थिती. ‘द बॅन्शी’ ही रील (आयरिश नाचाची वेगवान धून) मेट्रोनोमवर 104 ला, म्हणजे मिनिटाला 104 ठोक्यांवर, स्वच्छ निघते. 112 ला निघते, पण रोल चपटे पडतात. 120 च्या पुढे मी रोल काढून टाकते आणि साधे स्वर वाजवते. ‘द केश जिग’ (जिग ही तीन-तीन स्वरांच्या गटांची नाचाची धून) 116 ला बसली आहे, तिची काळजी नाही. रीलचे आकडे एका ठोक्याला चार स्वर या हिशोबाने दिले आहेत. काही ॲपांत हीच लय दुप्पट आकड्याने लिहिलेली असते, म्हणजे 112 च्या जागी 224, तेव्हा कुणाशी ताडून बघताना आधी तेवढं तपासा.

112 ला सेकंदाला साडेसात स्वर पडतात. ‘बॅन्शी’ सुरूच होते ती जी (G) या स्वरावरच्या लांब रोलने. तीन स्वरांच्या जागेत पाच गोष्टी बसवायच्या: जी, डाव्या अनामिकेची पटकन उघडमीट, पुन्हा जी, उजव्या तर्जनीची टिचकी, पुन्हा जी. 96 ला या सगळ्याला जवळजवळ अर्धा सेकंद मिळतो, 112 ला 0.4, आणि 126 ला 0.36. कागदावर हा फरक काहीच वाटत नाही. बोटांना मात्र तो लगेच कळतो. 126 ला उघडमीट आणि टिचकी एकमेकींना चिकटतात, मधला जी गिळला जातो आणि ऐकणाऱ्याला रोलऐवजी नुसती फडफड ऐकू येते. शिवाय स्वरांच्या जोडीत पहिला किंचित लांब आणि दुसरा किंचित आखूड असा जो झोका असतो, तोही वेगात सपाट होतो. सगळे स्वर सारख्या मापाचे झाले की धून पळते, पण उचलत नाही. इथले, आयर्लंडमधले वादक ज्याला लिफ्ट म्हणतात ती त्या झोक्यात आहे, आणि मागच्या ठोक्यावर, म्हणजे दोनातल्या दुसऱ्या ठोक्यावर, दिलेल्या हलक्या दाबात आहे.

श्वासाचंही तेच. व्हिसलवर श्वास घ्यायचा तर एखादा स्वर गाळावा लागतो. सावकाश लयीत तो गाळलेला स्वरसुद्धा धुनेचा भाग वाटतो. वेगात ते भोक दिसतं.

हे सगळं घरच्या घरी कळत होतं. समोर माणसं असली की काय होतं ते क्लेअर परगण्यातल्या एनिस शहरातल्या एका पबमध्ये कळलं. शनिवारची रात्र होती, नुकतीच रग्बीची मॅच संपली होती आणि पब गच्च भरला होता. आम्ही ‘बॅन्शी’, मग ‘सिल्व्हर स्पीअर’ आणि आणखी एक रील असा सेट घेतला. दुसऱ्या धुनेपासून मागच्या टेबलांनी टाळ्या धरल्या. टाळ्या आल्या की लय चढतेच. टाळ्या वाजवणारे वादकांना ढकलतात, वादक टाळ्यांना ढकलतात, आणि कुणी काही ठरवलेलं नसताना सगळे पळायला लागतात. फोनवरचं रेकॉर्डिंग घरी मोजलं. पहिल्या फेरीला 34 सेकंद, शेवटच्या फेरीला 30. रीलची एक फेरी 64 ठोक्यांची, म्हणजे आम्ही 113 ला निघून 127-128 ला पोचलो होतो. शेवटी आरडाओरडा झाला, पण आधीच चालू होता तितकाच. सेट संपल्यावर लोक लगेच आपापल्या गप्पांकडे वळले.

पुढचा सेट कॉन्सर्टिना (दोन हातांत धरायची छोटी भात्याची पेटी) वाजवणाऱ्या बाईंनी उचलला. क्लेअरमध्ये कॉन्सर्टिना घराघरात असते आणि या बाई सत्तरी ओलांडलेल्या आहेत. त्यांनी लय खाली घेतली, 109 च्या आसपास. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांनी गिटारवाल्याकडे आणि बोरॉनवाल्याकडे (बोरॉन म्हणजे डफासारखं आयरिश चर्मवाद्य) पाहून मान हलवली. दोघे थांबले. आता फक्त धून उरली: कॉन्सर्टिना, एक फिडल, एक फ्लूट आणि मी. खालचा ठोका गेल्यावर टाळ्यांना धरायला काही राहिलं नाही आणि एक भाग संपेपर्यंत त्या विरल्या. लोक ऐकायला लागले. दोन धुना अशाच गेल्या. तिसऱ्या धुनेवर जाताना सूर जी मधून डी मध्ये बदलला आणि नेमक्या त्या ठोक्यावर गिटार आणि बोरॉन परत आले. त्या क्षणी पबमधून जी आरोळी उठली, तिच्याशी पहिल्या सेटची बरोबरीच होऊ शकत नाही. रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्या धुनेची फेरी 35 सेकंदांची आहे. म्हणजे लय तसूभरही वाढली नव्हती.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: गर्दीला वेग ऐकू येत नाही, बदल ऐकू येतो. वेग हा बदलाचा एक प्रकार आहे खरा, पण सगळ्यात महाग पडणारा. तो एकदा खर्च केला की परत मिळत नाही.

आपल्याकडच्या श्रोत्याला हे चटकन उमगेल. ख्यालात विलंबितापासून द्रुतापर्यंतची वाट आखलेली असते आणि ऐकणारा तिची वाट पाहत बसलेला असतो. आयरिश सेटमध्ये तशी वाट नाही. दोन किंवा तीन धुना, प्रत्येक बहुधा तीनदा, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच लय. तीन रील तीन-तीनदा घेतल्या तर 112 ला सेट पाच मिनिटांच्या थोडा पुढे जातो. तेवढ्यात रंग भरायचा तो धून बदलून, सूर बदलून, वाद्यं घालून-काढून, खालच्या सप्तकातून वर जाऊन.

अपवाद आहेत. विलंबितातून वर चढणारा मला माहीत असलेला सगळ्यात मोठा वादक म्हणजे पूर्व क्लेअरचे फिडलवादक मार्टिन हेज. शिकागोचे गिटारवादक डेनिस काहिल यांच्याबरोबरचं त्यांचं सिएटलमधलं थेट ध्वनिमुद्रण 1999 मध्ये निघालं. त्यात सुमारे 28 मिनिटांची एक सलग मालिका आहे. ‘पोर्ट ना बूकी’ या संथ धुनेपासून ती निघते आणि एकेक पायरी चढत रीलपर्यंत येते. शेवटी वेग आहे, चांगला सणसणीत आहे, पण तोवर श्रोत्यांनी त्याची इतका वेळ वाट पाहिलेली असते की तो त्यांना मिळालेला वाटतो. काहिल यांची गिटार तर बराच वेळ नुसती एक-दोन स्वर ठेवून गप्प असते. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी एका बैठकीत ऐका, तुकड्यांत नको.

उलट बाजूही मांडायला हवी, कारण मला वेगाविरुद्ध काहीच म्हणायचं नाही. ‘बॉथी बँड’ हा आयरिश वाद्यवृंद 1978 मध्ये पॅरिसमध्ये वाजवत होता, ते ‘आफ्टर अवर्स’ म्हणून 1979 मध्ये निघालं. ते ऐकताना मी खुर्चीत बसू शकत नाही. मॅट मॉलॉय यांची फ्लूट, पॅडी कीनन यांचे पाइप्स (आयरिश बॅगपाइप), केव्हिन बर्क यांचं फिडल, आणि खाली डोनल लनी यांची बुझूकी (लांब मानेचं तंतुवाद्य). धावत्या लयीतही रोलचा स्वर न् स्वर जागेवर आहे आणि खालची साथ तिला हलू देत नाही. नंतरच्या कितीतरी जणांनी त्यांचा वेग उचलला, तो सांभाळणारी साथ मात्र उचलली नाही.

ही लय मोकळी सुटली कशी, याचं उत्तर पायांत आहे. हे संगीत मुळात नाचासाठीचं. घरातल्या स्वयंपाकघरात ‘सेट’ हा चार जोड्यांचा नाच नाचणारी आठ माणसं असली की लय तीच ठरवतात, वादक नाही. 1935 च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू झाला, घरगुती नाचांवर गदा आली आणि नाच हॉलमध्ये गेला. तिथे मोठे ‘केली’ बँड (केली म्हणजे सामूहिक नाचाची मैफल) आले, पियानो आणि ड्रम आले. पुढे लंडनच्या आयरिश वस्त्यांत आणि मग इथेही पबमधली सेशनं, म्हणजे एकत्र बसून वाजवायच्या बैठका, रुजली. तिथे कुणी नाचत नाही, सगळे बसलेले. पाय गेले आणि लयीला धरून ठेवणारं कुणी उरलं नाही.

म्हणूनच पाय ऐकू येणारी ध्वनिमुद्रणं मी पुन्हा पुन्हा ऐकते. नोएल हिल आणि टोनी मॅकमॅहन यांचं 1985 चं ‘इ ग्नुक ना ग्री’ कॉर्क-केरीच्या सीमेवरच्या नॉकनग्री गावातल्या पबमध्ये नाचणाऱ्यांसह मुद्रित झालं आहे. पोल्का आणि स्लाइड या नाचांच्या धुना चालू असताना जमिनीवर पडणारी पावलं स्पष्ट येतात. कॉन्सर्टिना, ॲकॉर्डिअन आणि पावलं. वेग पुष्कळ आहे, पण तो पावलांनी मागितलेला आहे, त्यामुळे कुठेही घाई वाटत नाही. दुसरं ध्वनिमुद्रण जो कूली यांचं. गॉलवेतल्या पीटर्सवेलच्या पबमध्ये 1972 मध्ये केलेलं, ते गेल्यानंतर 1975 मध्ये निघालं. ॲकॉर्डिअन, भाऊ जॅक यांचं बोरॉन, आणि लोकांच्या आरोळ्या. लय अगदी सोसेल अशी. आरोळ्या कुठे उठतात ते कान देऊन ऐका: बहुतेक वेळा धून बदलताना.

स्टेप डान्सच्या स्पर्धांत तर आकडे ठरवून दिलेले असतात. वरच्या श्रेणीतली रील 113 च्या आसपास, आणि जड बुटांची ट्रेबल जिग फक्त 73 ला, कारण नाचणाऱ्याला एकेका ठोक्यात जास्तीत जास्त टापा बसवायच्या असतात. मी पाहिलेल्या फेशमध्ये (अशा नाचाच्या स्पर्धेत) सभागृह सर्वांत जास्त त्या 73 वर थरारलं.

टाळ्यांबद्दल अजून एक, मोठ्या जागेत वाजवणाऱ्यांसाठी. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. 20 मीटरवरच्या माणसाची टाळी वादकापर्यंत यायला 58 मिलिसेकंद लागतात, आणि त्याला आमचा ठोका पोचायलाही तितकेच लागलेले असतात. 112 च्या रीलमध्ये एक स्वर 134 मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे मागच्या रांगेची टाळी जवळजवळ एक अख्खा स्वर उशिरा येते. ती ऐकून वाजवायचं नाही. शेजारच्या वादकाचा पाय बघायचा.

रियाजात केलेले बदल. मेट्रोनोम आता फक्त मागच्या ठोक्यावर लावते. आकडा निम्मा करायचा आणि टिक आली की दुसरा ठोका समजायचा. सुरुवातीला डोकं भणभणतं, पण दाब आपोआप योग्य जागी पडायला लागतो. दुसरं, एकच धून एका बैठकीत 88, 96 आणि 104 ला वाजवून ध्वनिमुद्रित करते आणि आकडा न बघता ऐकते. सर्वांत जिवंत वाटलेली फेरी बहुतेकदा 96 ची निघते. तिसरं, ‘बॅन्शी’मधला श्वास चौथ्या पट्टीच्या शेवटून हलवून दुसऱ्या पट्टीतल्या लांब स्वरामागे नेला आहे. तिथे काहीच गाळावं लागत नाही, नुसता स्वर आखूड करायचा.

आणि एक युक्ती त्या कॉन्सर्टिनावाल्या बाईंची. गर्दी ढकलायला लागली की वेगाला वेगाने उत्तर द्यायचं नाही, पुढच्या फेरीत नक्षी कमी करायची. रोल काढून लांब सरळ स्वर ठेवला की ठोका ठसठशीत होतो आणि आजूबाजूचे वादक त्याच्याभोवती गोळा होतात. मी हे आमच्या नवशिक्यांच्या सेशनमध्ये करून पाहिलं. तिथे टाळ्या नसतात, घाबरलेली बोटं मात्र असतात, आणि ती टाळ्यांपेक्षा वेगाने पळतात. दोन फेऱ्यांत लय स्थिरावली.

पुढचं काम स्लाइड. व्हिसलवर 12/8 चा तो झोका मला अजून फक्त ऐकता येतो, वाजवता येत नाही. नॉकनग्रीच्या ध्वनिमुद्रणातली एक स्लाइड निवडली आहे आणि ती मेट्रोनोमशिवाय, त्या पावलांवरच बसवणार आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात क्लेअरमधल्या मिलटाउन मॅलबेला विली क्लॅन्सी समर स्कूल हे पारंपरिक संगीताचं शिबिर भरतं. दिवसा व्हिसलचा वर्ग, रात्री ‘केली’चा नाच. तिथे एक तरी रात्र व्हिसल पिशवीत ठेवून सेट नाचायचा आहे, आणि दुसऱ्या दिवशी तीच रील वाजवून फेरी किती सेकंदांची येते ते मोजायचं आहे. आकडे पुढच्या नोंदीत देईन.