थ्रेस, निपाणी आणि आजीची कन्नड

माझी आजी निपाणीची. घरात मराठी, पण बाजारात भाव करायची वेळ आली की सरळ कन्नडवर जायची, आणि वैतागली की दोन्ही एकदम. त्यामुळे सीमाभाग म्हटलं की माझे कान टवकारतात, मग तो बेळगावकडचा असो नाहीतर पार बाल्कनमधला. गेले दोन आठवडे कोथरूडात रात्रीची भांडी आवरली की मी थ्रेस नावाच्या बाल्कनमधल्या सीमाभागाबद्दल वाचत बसतेय.

थ्रेसचे आज तीन तुकडे आहेत, बल्गेरिया, ग्रीस आणि तुर्कस्तानात. मधून वाहणारी नदी एकच, पण बल्गेरियन तिला मारित्सा म्हणतात, ग्रीक एव्रोस, तुर्की मेरिच. थ्रेसमधलं एद्रिने शहर १९१३ च्या मार्चमध्ये बल्गेरियाने जिंकलं आणि जुलैत तुर्कांनी परत घेतलं, चार महिन्यांत दोनदा मालक बदलले!

पण खरा घाव १९२३ चा. ग्रीस आणि तुर्कस्तानने स्वित्झर्लंडमधल्या लोझानला बसून माणसांचीच अदलाबदल ठरवली, साधारण १२ लाख ख्रिश्चन ग्रीसमध्ये आणि साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानात, कितीतरी तर त्याआधीच जीव घेऊन पळालेले. बघायचा फक्त धर्म. म्हणजे अनातोलियातले, तुर्कस्तानच्या आशियाकडच्या भागातले, ख्रिश्चन, ज्यांना तुर्कीशिवाय काही येत नव्हतं, ते ग्रीसला आणि क्रीट बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानला. आपल्याकडे १९५६ ला भाषा बघून राज्यं केली, तिकडे भाषा कोणी विचारलीच नाही. हे वाचून मला रात्री झोप लागली नाही.

इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे, म्हणजे ग्रीसकडच्या तुकड्यातले, मुसलमान यातून वगळले. त्या मुसलमानांतच रोडोपी डोंगरातले पोमाक येतात, धर्म इस्लाम, बोली बल्गेरियनच्या जवळची, देश ग्रीस. त्यांच्या गावांकडे जायच्या रस्त्यावर १९९० च्या दशकापर्यंत नाकी होती, बाहेरच्याला परवाना लागायचा. पोरांना अल्पसंख्याकांच्या शाळेत ग्रीक आणि तुर्की शिकवतात, घरी आजी बोलते ती तिसरीच.

माझ्या आजीला जनगणनेवाल्याने मातृभाषा विचारली होती, आई अजून सांगते. आजीने ठणकावून मराठी सांगितलं, आणि तो जिना उतरल्या उतरल्या शेजारच्या अक्कांना हाक मारून झालेलं सगळं कन्नडमध्ये सांगत बसली.